वूरेनचा सीमाप्रश्न: बोली एकीकडे, मन दुसरीकडे

ऑक्टोबर १९८७ मध्ये बेल्जियमचं केंद्र सरकार पडलं. महागाई, संप, अणुक्षेपणास्त्रं असे त्या काळातले मोठे विषय बाजूला राहिले आणि पंतप्रधान विल्फ्रीद मार्टेन्स यांची आघाडी फुटली ती एका खेडवळ नगरपालिकेवरून. जेमतेम चार हजार वस्तीच्या या पालिकेचा नगराध्यक्ष डच भाषेची परीक्षा द्यायला तयार नव्हता. त्या पालिकेचं डच नाव वूरेन, फ्रेंच नाव फुरों. बेळगाव-कारवार-निपाणी ऐकत मोठे झालेल्या मराठी वाचकाला या प्रकरणात बरंच ओळखीचं दिसेल. पण ज्या ठिकाणी ते आपल्यापेक्षा वेगळं आहे, तिथेच ते जास्त शिकवतं, म्हणून ते नीट मांडतो आहे.

जागा

नकाशावर वूरेन शोधायला बेल्जियमच्या ईशान्य कोपऱ्यात जावं लागतं. वूर नावाचा छोटा ओढा पश्चिमेला वाहत जाऊन म्यूझ नदीला मिळतो. त्याच्या आसपास सहा खेडी आहेत: मूलिंगेन, स-ग्रावेनवूरेन, सिंट-मार्टेन्स-वूरेन, सिंट-पीटर्स-वूरेन, टूवेन आणि रेमर्सडाल. सगळी मिळून सुमारे पन्नास चौरस किलोमीटर. कुरणं, गाई, सफरचंद-नासपतीच्या बागा. उत्तरेला लागूनच नेदरलँड्स, मास्त्रिख्त शहर हाकेच्या अंतरावर. दक्षिणेला बेल्जियमचाच फ्रेंचभाषक लिएज प्रांत. जनावरं, लोणी, फळं विकायला लोक पिढ्यान् पिढ्या दक्षिणेला ओबेलच्या बाजारात जात. कारखान्यातली नोकरी, कॉलेज, इस्पितळ, सगळं लिएज शहराकडे.

घरात मात्र म्हातारी माणसं फ्रेंच बोलत नव्हती. त्यांची बोली जर्मानिक कुळातली, लिम्बर्गी वळणाची. सीमेपलीकडच्या डच खेड्यातला माणूस ती सहज समजे, लिएजच्या माणसाला ती अजिबात कळत नसे. शाळेत आणि कचेरीत फ्रेंच, चर्चमध्ये बराच काळ डच, गोठ्यात आणि स्वयंपाकघरात बोली. एकाच माणसाच्या तोंडी दिवसभरात या तिन्ही भाषा येत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्यातली खरी कुठली, हे विचारायला सरकारी माणूस दारात आला तेव्हा पंचाईत सुरू झाली.

दर दहा वर्षांनी हलणारी सीमा

बेल्जियम १८३० मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा राज्यकारभाराची भाषा फ्रेंच होती. उत्तरेतले डचभाषक फ्लेमिश लोक संख्येने जास्त होते, पण न्यायालय, सैन्य, विद्यापीठ सगळीकडे फ्रेंच. कायद्याचा डच मजकूर फ्रेंच मजकुराच्या बरोबरीचा मानायलाच १८९८ साल उजाडलं. गेंट विद्यापीठ पूर्णपणे डच झालं ते १९३० मध्ये. फ्लेमिश माणसाच्या मनातली अढी कुठून आली, ते यावरून कळतं. पुढे वूरेनमध्ये त्यांचे कार्यकर्ते कसेही वागले असले, तरी त्यांच्या तक्रारीचं मूळ खरं होतं.

१९३२ च्या कायद्याने ठरवलं की उत्तरेत कारभार डच, दक्षिणेत फ्रेंच. सीमेवरच्या गावांचं काय? तर दशवार्षिक जनगणनेत भाषेचा प्रश्न विचारायचा आणि ज्या भाषेचं बहुमत, त्या बाजूला गाव. अल्पसंख्या तीस टक्क्यांवर गेली तर त्यांना त्यांच्या भाषेतल्या काही सोयी द्यायच्या. कागदावर एकदम न्याय्य. पण जनगणना म्हणजे भाषेची नोंद उरली नाही, ते मतदानच झालं. लोक आपण काय बोलतो ते न सांगता कुठे राहायचं आहे ते सांगू लागले.

वूरेनमध्ये हे लख्ख दिसतं. १९३० च्या गणनेत या सहा खेड्यांत डचभाषकांचं मोठं बहुमत होतं. १९४७ मध्ये अर्ध्याहून जास्त लोकांनी फ्रेंच लिहिली. सतरा वर्षांत गावाची जीभ बदलत नाही. बदललं ते मधल्या काळातलं जग. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडची मोंत्सेन, गेमेनिख अशी शेजारची गावं हिटलरच्या जर्मनीने आपल्या राज्यात जोडून घेतली होती. तिथली बोलीही अशीच. युद्धानंतर जर्मनसारखं काहीतरी बोलणं हे संशयाला आमंत्रण होतं आणि फ्रेंच लिहिणं हा आपण बेल्जियन असल्याचा दाखला. माझ्या मते १९४७ चे आकडे वाचताना हे विसरलं की पुढचं सगळं चुकीचं वाचलं जातं.

फ्लेमिश नेत्यांनी या गणनेवर इतका आक्षेप घेतला की तिचे भाषिक आकडे १९५४ पर्यंत जाहीरच झाले नाहीत. जाहीर झाले तेव्हा ब्रसेल्सलगतच्या एवेर, गान्सहोरेन आणि सिंट-आगाता-बेर्खेम या तीन फ्लेमिश पालिका द्विभाषक राजधानीत गेल्या. तेलाचा डाग पसरतो आहे, असं फ्लेमिश पुढारी म्हणत. पुढच्या गणनेच्या वेळी फ्लेमिश नगराध्यक्षांनी भाषेचे रकाने असलेले अर्ज वाटायलाच नकार दिला. शेवटी १९६१ मध्ये कायद्याने भाषेचा प्रश्न जनगणनेतून काढून टाकण्यात आला. आजही बेल्जियममध्ये कोण किती जण कोणती भाषा बोलतात, याचा सरकारी आकडा नाही. दोन भाषांवर उभ्या असलेल्या देशात भाषेची मोजदाद बंद आहे, आणि ती बंद असल्यामुळेच थोडीफार शांतता आहे.

अदलाबदल

गणना गेली, तेव्हा सीमा एकदाच आखून टाकणं भाग होतं. गृहमंत्री आर्तुर झिलसों यांनी ते काम हाती घेतलं. पश्चिमेला मुक्रों आणि कोमीन हा भाग वेस्ट फ्लँडर्स प्रांतात होता, पण भाषा फ्रेंच. तो फ्रेंचभाषक एनो प्रांताला देण्याचं ठरलं. तिथली लोकवस्ती वूरेनच्या कितीतरी पट. मग फ्लेमिश खासदारांना भरपाई म्हणून काय? पूर्वेकडची ही सहा खेडी. लिएजमधून काढून फ्लँडर्सच्या, म्हणजे डचभाषक उत्तरेच्या, लिम्बर्ग प्रांतात. ८ नोव्हेंबर १९६२ चा कायदा, अंमल १ सप्टेंबर १९६३ पासून.

गावकऱ्यांनी विरोध केला. अनौपचारिक कौल घेतला गेला, त्यात लिएजमध्ये राहण्याच्या बाजूने प्रचंड मतं पडली. त्याला कायद्यात काही किंमत नव्हती. फ्लेमिश बाजूचं म्हणणं असं की ही माणसं बोलतात ती डचचीच बोली, त्यांच्या डोक्यावर फ्रेंच चढवलं गेलं आहे, आपण त्यांना घरी आणतो आहोत. गावकऱ्यांतल्या मोठ्या गटाचं उत्तर असं की आमचं घर कुठे ते आम्हाला विचारा, भाषाशास्त्रज्ञाला नको.

त्यात भूगोलाची गंमत पाहा. वूरेन लिम्बर्ग प्रांताला कुठेच चिकटलेलं नाही. प्रांताच्या कामासाठी लिम्बर्गची राजधानी हासेल्टला जायचं तर एक तर नेदरलँड्समधून जायचं, नाहीतर ज्या लिएजमधून आपल्याला काढलं त्याच लिएजमधून.

सांत्वन म्हणून फ्रेंचभाषकांना ‘सुविधा’ मिळाल्या: पालिकेशी फ्रेंचमध्ये व्यवहार, फ्रेंच प्राथमिक शाळा, दोन्ही भाषांतल्या पाट्या.

‘लिएजला परत’

पुढची पंचवीस वर्षं या पाट्यांवरूनच वाचता येतात. गावाच्या वेशीवर फलकावर दोन नावं. रात्रीत कुणीतरी येऊन फ्रेंच नावावर काळा रंग फासायचा. आठवड्याने कुणीतरी डच नावावर. पालिका नवी पाटी लावायची, पुन्हा तेच. बाहेरून, अँटवर्प-गेंटकडून, फ्लेमिश संघटनांचे जथे यायचे. मोर्चाला बंदी घातली की ‘आम्ही नुसते फिरायला आलो आहोत’ म्हणायचे. लिएजकडून वालून, म्हणजे दक्षिणेतले फ्रेंचभाषक, कार्यकर्ते यायचे. दगडफेक, मारामाऱ्या, पोलिसांच्या गाड्या. गावात लग्नाला कुणाला बोलवायचं आणि कोणत्या दारूच्या गुत्त्यात बसायचं, इथपर्यंत फाळणी पोचली. सख्ख्या भावांची मुलं वेगवेगळ्या शाळांत.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. दोन्ही बाजूंच्या उमेदवार याद्यांत एकाच कुळाची आडनावं, घरात एकच बोली. हा ‘वंशा’चा झगडा नव्हताच. फ्लेमिश आणि वालून हे दोन वेगळे लोक आहेत, असं ब्रसेल्समधल्या भाषणांत ऐकू येई. वूरेनमध्ये मात्र तुम्ही कोण हे तुम्ही कोणत्या यादीला मत देता त्यावर ठरे.

१९७७ मध्ये सहा खेड्यांची एक पालिका झाली. त्यामुळे सहा छोट्या भांडणांचं एक मोठं भांडण झालं, कारण आता सत्ता एकाच सभागृहात होती. १९८२ च्या निवडणुकीत ‘लिएजला परत’ या गटाला बहुमत मिळालं. त्यांचा म्होरक्या होता झोझे हापार्त, शेतकरी, जन्म लिएजजवळच्या एर्स्तालचा. म्हणजे या लढ्याचा चेहरा झालेला माणूस मूळचा त्या खेड्यांतलाच नव्हता. सीमाप्रश्नांत असं पुष्कळदा होतं.

त्या काळी बेल्जियममध्ये पालिका नाव सुचवे आणि नेमणूक राजाच्या सहीने, म्हणजे सरकारच्या सल्ल्याने होई. १९८३ मध्ये हापार्त नगराध्यक्ष झाले. डचभाषक प्रदेशातल्या नगराध्यक्षाला डच येणं आवश्यक, हा नियम. हापार्त यांनी परीक्षा द्यायला नकार दिला. लोकांनी निवडून दिलं आहे, मला परीक्षा घेणारे तुम्ही कोण, ही भूमिका. १९८४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत फ्रेंचभाषक समाजवाद्यांनी त्यांना उमेदवारी दिली, तेव्हा त्यांना २ लाख ३० हजारांहून जास्त वैयक्तिक मतं मिळाली. चार हजार वस्तीच्या गावाचा नगराध्यक्ष अख्ख्या वालोनियाचा नायक झाला, आणि तिथून पुढे वूरेनच्या लोकांच्या हातात हा प्रश्न राहिला नाही.

३० सप्टेंबर १९८६ रोजी राज्य परिषदेने, म्हणजे देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, त्यांची नेमणूक रद्द केली. मग सुरू झाला तो ‘वूरेनचा चक्रीपाळणा’. नेमणूक रद्द झाली की पालिका हापार्त यांना पहिला उपनगराध्यक्ष निवडायची, नगराध्यक्षाची जागा रिकामी म्हणून ते प्रभारी व्हायचे, ते रद्द झालं की पुन्हा निवड. गृहमंत्री शार्ल-फेर्दिनां नोतों यांना याच प्रकरणात राजीनामा द्यावा लागला. वर्षभराने ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांचे फ्लेमिश आणि फ्रेंचभाषक पक्ष एकमेकांसमोर उभे राहिले आणि सरकार गेलं. डिसेंबर १९८७ मध्ये निवडणुका, नवं सरकार थेट मे १९८८ मध्ये.

तोड

या नव्या सरकारने ऑगस्ट १९८८ मध्ये जो समेटाचा कायदा केला, तो वकिली कौशल्याचा नमुना आहे. थेट निवडून आलेल्या सदस्याला भाषा येते असं कायद्याने गृहीतच धरायचं. नगराध्यक्षाच्या बाबतीतही गृहीत धरायचं, पण त्याला आव्हान देता येईल. उपनगराध्यक्ष सभागृहाने न निवडता मतदारांनी थेट निवडायचे, म्हणजे अल्पमतातल्या गटालाही खुर्ची मिळेल. आणि वूरेनच्या मतदाराला संसदेच्या आणि युरोपीय निवडणुकीत वाटलं तर दक्षिणेला ओबेलला जाऊन, फ्रेंचभाषक उमेदवारांना मत देता येईल. जमीन फ्लँडर्सची, मत लिएजकडे. कोमीनच्या डचभाषकांसाठी पश्चिमेला अशीच उलटी सोय.

हापार्त पुन्हा वूरेनचे नगराध्यक्ष झाले नाहीत. ते पुढे वालोनियाचे कृषिमंत्री आणि तिथल्या संसदेचे अध्यक्ष झाले. पालिका मात्र त्यांच्याच गटाकडे राहिली, आणखी बारा वर्षं.

सीमा हलवायची दारं तोपर्यंत कायमची लागली होती. १९७० च्या घटनादुरुस्तीने देशाचे चार भाषिक प्रदेश (डच, फ्रेंच, छोटा जर्मन आणि द्विभाषक ब्रसेल्स) ठरवले, आणि त्यांची रेषा बदलायची तर संसदेत एकूण दोन तृतीयांश मतं आणि शिवाय डच व फ्रेंच अशा दोन्ही भाषागटांत स्वतंत्र बहुमत लागतं. याचा सरळ अर्थ असा की गावातल्या शंभर टक्के लोकांनी ठराव केला तरी रेषा हलत नाही.

निकाल लावला तो तिसऱ्यांनी

हा भाग मला सगळ्यात बोलका वाटतो. ८ ऑक्टोबर २००० च्या पालिका निवडणुकीत बेल्जियममधल्या इतर युरोपीय नागरिकांना पहिल्यांदा मताधिकार मिळाला. वूरेनमध्ये असे लोक बरेच. मास्त्रिख्तच्या बाजूने, शांत खेड्यात घर घ्यायला आलेले डच नागरिक. त्यांनी साहजिकच डचभाषक गटाला, ‘वूरबेलांगेन’ला मतं दिली. पंधरापैकी आठ जागा त्या गटाला, सात ‘लिएजला परत’ला. हूब ब्रूर्स नगराध्यक्ष झाले.

पालिकेच्या समाजकल्याण मंडळाची निवडणूक त्याच वेळी होती, पण तिथे परदेशी नागरिकांना मत नव्हतं. तिथे ‘लिएजला परत’चं बहुमत टिकलं. म्हणजे एकाच दिवशी, एकाच गावात, मतदार यादी बदलली की निकाल उलटा. २००६ मध्ये वूरबेलांगेनला नऊ जागा मिळाल्या आणि मंडळही त्यांच्याकडे गेलं.

चाळीस वर्षं दोन बाजूंनी रक्त आटवलं, आणि पारडं फिरवलं ते युरोपीय संघाच्या एका नियमाने आणि घरांच्या किमतींनी. ज्यांना फ्लेमिश अस्मितेशी फारसं देणंघेणं नाही आणि जे बेल्जियन तर मुळीच नाहीत, अशा लोकांनी. राष्ट्रीय अस्मितेचा प्रश्न परदेशी मतदारांनी सोडवावा, हे बेल्जियमलाच शोभतं.

आपल्या बाजूने वाचताना

सीमाप्रश्नात आपण पाटसकर सूत्र सांगतो: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बाबतीत मराठी बाजूचा दावा असा की ही चारही कलमं एकाच दिशेला बोट दाखवतात. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव कर्नाटकातच ठेवलं, तेव्हा मुख्य आक्षेप हाच होता की लोकेच्छेला आणि भाषिक बहुसंख्येला आयोगाने पुरेसं वजन दिलं नाही.

वूरेनला हे सूत्र लावून पाहा. सलगता लिएजच्या बाजूने. लोकेच्छा, निदान १९६० ते १९९० या काळात, लिएजच्या बाजूने. भाषिक बहुसंख्या मात्र बोलीवर धरली तर फ्लँडर्सची, १९४७ च्या गणनेवर धरली तर लिएजची. सूत्रातली कलमं एकमेकांशी भांडतात. आणि भाषा एका बाजूला, मन दुसऱ्या बाजूला असलेली गावं फक्त बेल्जियममध्येच असतात असं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या चाळीस गावांचा विषय काढला. तिथल्या ग्रामपंचायतींनी कर्नाटकात जाण्याचा ठराव पूर्वी केला होता, असा त्यांचा दाखला. जत पूर्वमध्ये कानडी घराघरांत आहे, पण त्या नाराजीच्या मुळाशी पाणी होतं, भाषा नव्हे. पाण्याच्या योजनेचं आश्वासन आलं की आवाज खाली बसतो. लिएजचा बाजार आणि नोकरी ही वूरेनची ‘पाणीयोजना’ होती, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

फरक एवढाच की बेल्जियमने सीमा न हलवताही सीमेपलीकडे मत देण्याची सोय काढली. बेळगावच्या मराठी माणसाला कोल्हापूरच्या मतदारसंघात मत देता येईल, ही कल्पना आपल्याकडे कुणी मांडली तर तिला हसतीलच. तिकडे ती १९८८ पासून कायदा आहे, आणि त्यामुळे देश काही फुटला नाही.

अजून न सुटलेलं

फ्रेंचभाषकांना सांत्वन म्हणून मिळालेल्या त्या ‘सुविधां’चा अर्थ काय, यावर अजून एकमत नाही. फ्रेंचभाषक म्हणतात त्या कायमच्या हक्काच्या आहेत. फ्लेमिश सरकार म्हणतं त्या डच शिकेपर्यंतच्या तात्पुरत्या सवलती आहेत. डिसेंबर १९९७ मध्ये फ्लेमिश मंत्री लेओ पेटर्स यांनी परिपत्रक काढलं: पालिकेचं पत्र आधी डचमध्येच जाईल, फ्रेंच प्रत हवी असेल तर नागरिकाने मागावी, आणि प्रत्येक वेळी नव्याने मागावी. एकदा नाव नोंदवून चालणार नाही. घरपट्टीचा कागद असो की निवडणुकीची सूचना, दर खेपेला तोच अर्ज. यावरून ब्रसेल्सभोवतीच्या पालिकांतही कज्जे चालले.

वूरेनमध्ये आता मारामाऱ्या होत नाहीत. सायकलवर फिरायला येणारे पर्यटक वाढले आहेत, जुन्या शेतघरांत खानावळी निघाल्या आहेत, आणि मेनू डच, फ्रेंच, जर्मन अशा तिन्ही भाषांत छापलेला असतो. मतदानाच्या दिवशी मात्र काही गाड्या अजूनही ओबेलच्या रस्त्याला लागतात.